दोन ठिपके

सव्वीस तासांच्या कळांनंतर बाळ निळसर जन्मलं, मिनिटभराने रडलं. "आजोबांवर गेलाय, कुठेही उशिराच!" आजी डोळे पुसत म्हणाली. माझ्या तक्त्यावर दर अर्ध्या तासाला बाळाच्या ठोक्यांचा ठिपका होता. डॉक्टर खूश झाले. "सिस्टर, नोंदी असाव्यात तर अशा!" मी मान खाली घातली. दुपारी पाय भरून आले म्हणून तासभर बसले होते. त्या वेळचे दोन ठिपके ठोके न ऐकताच काढले होते. तेव्हाच बाळ दमायला लागलं असेल. बाळंतिणीने तक्ता बघायला मागितला. "बघ सोन्या, हे तुझे ठोके," म्हणत ती ठिपक्यांवरून बोट फिरवू लागली. त्या दोन ठिपक्यांवर ते आलं आणि मला राहवेना. "हे त्याचे नाहीत गं. मी ऐकलेच नव्हते." तिचं बोट थांबलं. तिने माझ्याकडच्या कुशीत निजलेलं बाळ उचलून पलीकडच्या कुशीत घेतलं.