कानशीच्या दोन रेघा

दुसऱ्या महायुद्धानंतर भंगारात घेतलेल्या बोटीच्या इंजिनानं मी नदीचं पाणी उन्हाळी वांग्यांना द्यायचो. कुणी ते चालवू नये म्हणून त्याचा डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, रोज संध्याकाळी काढून घरी न्यायचो. सकाळी बसवला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चुकायचं आणि कर्जतहून इसाक फिटरला बोलवावं लागायचं. काल त्यानं न विचारता कानशीनं इंजिनावर आणि डिस्ट्रिब्यूटरवर एकेक रेघ कोरली. खूण दाखवून हा उद्या इंजिन स्वतःचं म्हणेल, असं मनात आलं. तो गेल्यावर मी दोन्ही रेघा धारेच्या दगडानं घासून काढल्या. आज सकाळी तो ट्रंक घेऊनच इंजिनापाशी आला. “कोंडाजीदादा, बोटीवर नोकरी लागली. आता मी परत नाय यायचा. त्या दोन रेघा समोरासमोर आणल्या की टायमिंग बरोबर बसंल. खूण दिसती ना?” “दिसती की,” मी म्हणालो आणि घासलेल्या जागेवर हात ठेवला.