आठचा चहा

"ऊठ वं कोकिळे. उजेडानं उठवायच्या आत आपण उठावं, माय."

आईचा आवाज. आईला जाऊन वीस वर्षं झाली, तिचा पहाटेचा हा आवाज मात्र काही गेला नाही. कोकिळेने डोळे उघडले. वर घरचे पत्रे नव्हते, सागाच्या फळ्या होत्या. बाहेर नदी वाहत होती, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने. मग तिला आठवलं. आपण जंगलातल्या लाकडी घरात आहोत, भाड्याच्या गादीवर, आणि आज चूल आपली नाही.

धामणगाव बढ्याच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या त्या चौघी. चौदा वर्षांत पहिल्यांदाच मुक्कामाला निघाल्या होत्या. चौघींतल्या सत्यभामाबाईंची सून प्रतीक्षा, तिने मोबाइलवरून हे घर एका रात्रीसाठी घेऊन दिलं. "एक दिवस तरी हातावर हात ठेवून बसा," म्हणाली. तिथले राखणदार उकंडराव काल दारातच बोलले होते, "सैपाक माह्याकडे. सकाळी आठ वाजता चहा भेटन. तोवर आराम करजा."

आठ! चौघी साडेचारलाच जाग्या होत्या. आपण उठलो तर बाकीच्या उठतील, म्हणून जी ती डोळे मिटून पडलेली. रुखमाबाई तर घोरत असल्याचं सोंग करत होती. चौदा वर्षं शेजारी बसून कांदे चिरले होते कोकिळेने. रुखमाबाईचं खरं घोरणं असं तालात नसतं, हे तिला ठाऊक होतं. एरवी ती हसली असती.

सोमवारी शाळेत खिचडीच्या पुढच्या कराराचा कागद यायचा होता. चौघींच्या सह्या हव्यात. एक जरी कमी पडली तर काम दुसऱ्या गटाला जाणार. आणि कोकिळेला सही करायची नव्हती. दोन महिने ती हे ओठाआड धरून होती. सांगायचं कोणत्या तोंडाने? नवरा गेला त्या वर्षी सत्यभामाबाईंनीच तिचा हात धरून तिला शाळेच्या चुलीपाशी आणून बसवलं होतं. "रडायचं ते इथं रड," म्हणाल्या होत्या, "धुराचं निमित्त हाय." आता पोरगा जीवन बुलढाण्याला कामाला लागला होता, दोन वेळचं नीट चाललं होतं. पण सही करणार नाही, हे सांगायला जीभ रेटत नव्हती.

सहाला निशिगंधा उठली. चौघींत सगळ्यांत लहान, तिला काही राहवलं नाही. कोपऱ्यातला झाडू घेतला. झाडूचा आवाज झाला तसं रुखमाबाईचं घोरणं थांबलं. ती बाहेर जाऊन काल पेटवलेल्या शेकोटीची राख भरू लागली. ती राख घेऊन सत्यभामाबाई उकंडरावांच्या भांड्यांना भिडल्या.

उकंडराव दूध घेऊन आले ते बघतच राहिले.

"बाई, ते भांडे मी कालच घासले ना!"

"घासले?" सत्यभामाबाईंनी पातेलं उजेडाकडे धरलं. "हे असे? घरची बाई काही म्हणत नाही का तुम्हाले?"

"लोक इथं येऊन पसारा करून जातात," उकंडराव म्हणाले. "तुम्ही पहिल्याच. भाडं भरून झाडझूड करून राह्यल्या."

रुखमाबाई हसली. निशिगंधा, सत्यभामाबाईही हसल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की चौथं हसू आलं नाही.

कोकिळा अजून गादीवर होती. उन्हाची तिरीप फळ्यांच्या फटीतून आत शिरून तिच्या पायांवर पडली होती. ऊन वर आल्यावर तिला अशी आडवी त्या तिघींपैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

झाडू थांबला. सत्यभामाबाई तशाच आत आल्या. हात राखेने भरलेले, म्हणून मनगटाची मागची बाजू त्यांनी कोकिळेच्या कपाळाला लावली.

"काऊन वं, कणकण हाय का?"

"नदीचा वारा लागला असन," दारातून रुखमाबाई म्हणाली. "निशे, अद्रक पाहाय बरं. काढा टाकू."

"मी कुटतो, मी कुटतो," म्हणत उकंडराव वळले. निशिगंधा त्यांच्याही पुढे पळाली.

नुसतं 'हाव, कणकण हाय' म्हणायचं होतं. मग त्या तिला पांघरूण घालणार होत्या, पाय दाबणार होत्या, दिवसभर उठू देणार नव्हत्या. आणि सोमवारी ती बरी होऊन कागदापाशी जाऊन उभी राहणार होती.

"ताप नाही, काकू," कोकिळा म्हणाली. "मले काहीच झालं नाही."

"मंग ऊठ ना, माय."

कोकिळेने सवयीने कोपर टेकलं. अर्धी उठली. समोर सत्यभामाबाईंचा चेहरा होता, गालावर राखेचं बोट उमटलेला, काळजीने बारीक झालेला. त्या चेहऱ्याला आजवर तिने कशालाच नाही म्हटलं नव्हतं. बाहेर उकंडराव अद्रक ठेचत होते, ठक ठक ठक.

तिने कोपर काढून घेतलं. परत पाठ टेकली.

"सोमवारी माही सही नका धरू, काकू," ती म्हणाली. "मी थकली."