पेन्सिलीतलं माप

टर्र.

या वेळी उजव्या कुशीत. मघाशी डाव्या. टेलरबाईने वर केलेला हात खाली घेतला, आरशात पाहिलं आणि अंगावरच्या निळ्या ड्रेसला एक सणसणीत शिवी हासडली. पोटावरची दोन बटणं अशी ताणली होती की समोरच्या माणसाने जरा लांबच बसावं.

घड्याळात दोन वाजले होते आणि मुलाखत चारला होती. शिवणशाळेत शिक्षिकेची जागा होती. पत्रात एक अट ठळक छापली होती: उमेदवाराने स्वतःसाठी स्वतः शिवलेला पोशाख घालून यावे. वाचून तेव्हा तिला हसूच आलं होतं. एकोणीस वर्षं अख्ख्या गल्लीला कपडे घालणाऱ्या बाईला ही कसली अट! आठवडाभरात हा तिसरा ड्रेस. पहिले दोन कोपऱ्यात बोळे होऊन पडले होते, आणि एरवी ती स्वतः बाजारातले तयार कपडे घालते, हे गल्लीत कुणाला सांगायची सोय नव्हती.

"येऊ का आत?" पडद्याबाहेरून आवाज आला. निवृत्त झालेली नर्स, जुनी गिऱ्हाईक, कोटाची ट्रायल द्यायला आली होती.

"सिस्टर, आज तुमचं काही होणार नाही. माझंच डोकं ठिकाणावर नाही."

"कळलं ते. फाटल्याचा आवाज पायरीपर्यंत आला."

"मला शिवताच येत नाही हो," टेलरबाई खुर्चीत बसली, तशी शिवण आणखी जराशी उसवली. "एकोणीस वर्षं लोकांना फसवलं. मी कोण लागून गेले दुसऱ्यांना शिकवणारी? तुमचं माप झोपेतून उठवलं तरी सांगेन. स्वतःचं म्हटलं की हात बावचळतात. मी कोण, कशी, केवढी, काही म्हणजे काही कळेनासं झालंय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला.

नर्सने समजूत वगैरे घातली नाही. आधी कागद बघायचा, ही तिची जन्माची सवय. तिने टेबलावरची मापांची वही ओढली. पानंच्या पानं निळ्या शाईने भरली होती. अगदी शेवटच्या पानावर टेलरबाईचं माप होतं. कंबर बत्तीस.

"हे एकटंच पेन्सिलीने का?"

"कमी झालं की खोडता येतं ना."

"लिहिलंस कधी?"

"दुकान काढलं तेव्हा. पण परवा पुन्हा मोजलं मी. तेवढंच भरलं."

"कसं मोजलंस, दाखव बघू."

टेलरबाईने टेप कमरेभोवती घेतला. आरशासमोर उभी राहिली. खांदे मागे गेले, पोट आत गेलं, श्वास थांबला. "बत्तीस," ती चिरक्या आवाजात म्हणाली.

"लवकर आटप गं. अजून थोडा वेळ अशी राहिलीस तर मला ड्यूटीवर यावं लागेल." नर्सने तिच्या हातातून टेप काढून घेतला. "आणि मला दर वेळी काय सांगतेस?"

काय सांगते ते टेलरबाईला पाठ होतं. टेप लावला की सगळ्याच बायका पोट आत घेतात. म्हणून ती त्यांना आधी बोलतं करायची, घरच्यांची चौकशी करायची, आणि तरीही नाही ऐकलं तर खडसावायची: श्वास सोडा, कपडा तुम्हाला घालायचाय, आरशाला नाही. वर शिवणीच्या आत दोन-दोन इंच जादा कापडही राखून ठेवायची, पुढेमागे वाढवता यावं म्हणून. स्वतःच्या ड्रेसमध्ये मात्र तिने दोराभरही कापड राखलं नव्हतं.

"हं, सोड."

"सोडलाय."

"नाही सोडलास. चाळीस वर्षं लोकांचे श्वास मोजलेत मी."

मग तो सुटला, चांगला लांबलचक. खांदे उतरले. पोट आपल्या जागी आलं. टेप नर्सच्या बोटांतून सरकत गेला आणि थांबला.

"छत्तीस."

"टेप उलटा असेल."

"सुलटा आहे."

टेलरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. चार इंच! या चार इंचांपायी ती भावाच्या लग्नात प्रत्येक फोटोत वहिनीच्या मागे उभी राहिली होती. चार इंच म्हणजे किती, हे तिला कुणी सांगायला नको होतं. बाहीची बारीकशी पट्टीसुद्धा याहून लांब असते. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि मग लाजेचाही कंटाळा आला.

"लिहा," ती म्हणाली. नर्सने पेन्सिल उचलली. "ती नको. पेन घ्या."

निळं कापड संपलं होतं. शिल्लक होता तो नर्सच्या कोटातला मोहरी रंगाचा तुकडा. टेलरबाईने दोन पट्ट्या कापल्या, ड्रेस दोन्ही कुशींत वरपासून खालपर्यंत उसवला आणि मशीनवर बसली.

"लांबून दिसेल गं ते," नर्स म्हणाली.

"दिसणारच. मी आहेच एवढी."

साडेतीनला ती दुकान बंद करायला बाहेर आली. शटर ओढायचं तर टाचा उंचावून दोन्ही हात वर करावे लागत. तिने हात वर केले आणि तशीच थांबली. पायरीवर नर्सही थांबली. दोघींनी कान दिला.

मग आवाज झाला तो फक्त शटरचा.