गुळगुळीत भिंत

काचबिंदूनं आईची नजर गेली, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून ती घरात भिंतीला हात लावूनच चालते. पण आमच्या पॅसेजच्या भिंतीवर जुनं टेक्स्चर होतं, कुठं जाड दाणे, कुठं लाटा. तिची बोटं पार सोलवटून निघायची आणि मी रोज मलम लावत बसायचो.

शेवटी तिला पंधरा दिवस पिशोरला मावशीकडं धाडलं आणि अन्सार मिस्त्रीला बोलावलं.

"इंद्रजीतभाऊ, असल्या भिंतीवर टाईल धरत नाय," मिस्त्री म्हणाला. "आधी हे सगळं छिन्नीनं काढावं लागंल. मग प्लास्टर, मग टाईल."

"काढा. आईच्या बोटाला एक खडा लागायला नको."

मिस्त्रीनं काम असं केलं, की भिंतीवरून हात नुसता घसरत जावा. आई संध्याकाळी परत आली, टाईलवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई गार लागतंय रं." मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री दारातला मलबा भरायला आला, तेव्हा आई पॅसेजच्या मधोमध उभी होती. दोन्ही हात टाईलवर. लुगडं ओलं झालेलं.

मिस्त्रीचा आवाज ऐकून ती हळूच म्हणाली,



"अन्सारभाई, त्या मलब्यात लाटांचा एखादा तुकडा असंल. तेवढा संडासाच्या दाराशी चिकटवता का?"