भरावावरची पालखी

“मधले खांब उपाशी आहेत,” इंजिनीअर शलाका भुवड म्हणाली. “वरून वजन पडेल तसे हे काँक्रीटचे खांब खाली वाढतात, हाडासारखे. खडक अजून हातभर खाली आहे. तोवर खाडीवरच्या या भरावावरून अँब्युलन्स सोडता येणार नाही.”

पालखीचे मानकरी बाबल्याकाका मांडवकर खाडीकडे बघत राहिले. ओहोटीला होडी चिखलात रुतायची. मागच्या खेपेला त्यांची सून अशाच रुतलेल्या होडीत बाळंत झाली होती आणि मूल वाचलं नव्हतं. आता तिला पुन्हा नववा लागला होता.

“रोज चालतो, म्हशी हाकतो, तरी उपाशी?”

“मध्ये कोणी थांबत नाही ना, काका.”

“मग उद्या शिमग्याची पालखी देवळासमोर नको. इथंच नाचवू.”

दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी भरावाच्या मधोमध उतरली. ढोलावर पालखी उसळू लागली. शलाकानं चपला काढल्या. चिखलाच्या पोटातली करकर तिच्या तळव्यांना जाणवत होती. शेकडो खांब एकदम वाढत होते. हातातलं खांबांची खोली मोजायचं यंत्र बघायचंही ती विसरली.

काकांनी हात वर केला. ढोल थांबले.

खालून एक ठोका आला. मग दुसरा. मग ओळीनं, या काठापासून त्या काठापर्यंत, एकेक खांब खडकाला टेकत गेला.

भरावाच्या कडेला, काकांशेजारी उभ्या सुनेनं पोटावर हात ठेवला.

“आबा,” ती सासऱ्यांना हळूच म्हणाली, “यानंही आतून ठोका दिला.”