आईच्या खोलीचा प्लाय

दुकानातला एकही प्लाय गिऱ्हाइकाच्या पसंतीला उतरेना. हा वाजवून बघ, तो उचलून बघ. सोबत आलेला सुतार पार वैतागला.

"अहो साहेब, साधं पार्टिशन तर करायचंय!"

"साधं नाही, मिस्त्री. आईच्या खोलीचं आहे. ती अंथरुणाला खिळलीय. घरात टीव्ही, पोरांचा दंगा... आवाज आरपार जाता कामा नये."

सुताराचा राग कुठल्या कुठे पळाला. त्याने स्वतः गठ्ठा उपसून चांगला जाड, आतून कुठेही पोकळ नसलेला प्लाय निवडला. दोन्ही बाजूंनी तो बसवला, मधे फोम ठासून भरला, दाराच्या फटीसुद्धा बुजवल्या. आईचं एवढं करणारा मुलगा हल्ली बघायला तरी मिळतो का, असं त्याच्या मनात येत राहिलं.

काम संपल्यावर मुलगा म्हणाला, "आई, मी बाहेर जातो. तू मला जोरात हाक मार." त्याने दार लावून घेतलं. म्हातारीने सगळा जीव गोळा करून हाका मारल्या. शेवटी तिला खोकल्याची उबळ आली, तेव्हा सुतारानेच तिला पाणी पाजलं.

मुलगा हसत हसत आत आला. "मानलं तुम्हाला, मिस्त्री! एक हाक ऐकू आली नाही. हिच्या हाकांपायी रात्रीची झोप नव्हती हो आम्हाला."



सुताराला स्वतःच्याच कामाची शिसारी आली. तो खाली बसला आणि नुकतेच आवळलेले स्क्रू एकेक करून उलटे फिरवू लागला.