केळ्याचा वास

डबी हातात घेतली आणि भाचीच्या लक्षात आलं, ती कोमट आहे.

मास्कच्या दोन्ही गालांवर बसवायच्या त्या डब्या. आत कोळसा. विषारी वाफ कोळशाने अडवायची आणि माणसाने मागून बिनघोर श्वास घ्यायचा, एवढंच काम. पण हा कोळसा पाण्याचाही अधाशी. दमट हवेत त्याचं पोट पाण्यानेच भरतं, मग वाफेला जागा उरत नाही. म्हणून डबी हवाबंद पाकिटात ठेवायची असते. या खेपेची पाकिटं स्वस्तातली निघाली, आणि खोक्यातला माल आला तोच ओल धरून. प्रयोगशाळेत ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, भाचीला आणि मामांना.

मामा इथले साहेब. कोळसा चाळायचा कसा, जोखायचा कसा, सगळं त्यांनीच तिला शिकवलेलं. म्हणूनच तिला जास्त राग आला.

"मामा, या डब्या ओव्हनमधून काढल्यात तुम्ही."

"इथे साहेब म्हण." मामा चष्मा पुसत राहिले. "जरा वाळवल्या. त्यात काय बिघडलं?"

"जहाजाच्या टाकीत उतरणारा माणूस ओव्हन सोबत घेऊन उतरतो का?"

"अगं, पुढच्या खेपेला पाकिटं बदलतोय ना आपण! आज हे गिऱ्हाईक परत गेलं तर इथे टाळं लागेल. मग बसू सगळे घरी माश्या मारत."

"आणि या खेपेच्या डब्या कोण तोंडाला लावणार?"

मामांनी चष्मा चढवला. "तू काचेच्या खोलीत बसायचंस. वास आला तरी मी मान हलवल्याशिवाय हात वर करायचा नाही. नाहीतर संध्याकाळी मामीला काय तोंड दाखवशील?"

"मामीला मीच सांगेन. पानं घेतली की सांगेन."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. जहाजांच्या टाक्या आतून रंगवणाऱ्या टोळीचा मुकादम. नखांत मुरलेला तांबडा रंग, आणि बोलता बोलता खोकायची सवय. मास्कचा सौदा पक्का करायचा की नाही, हे त्याच्यावर होतं.

मामांनी त्याला तोंडभर हसून सगळं समजावलं. काचेच्या खोलीत टाकीसारखी दमट हवा करायची, त्यात केळ्याच्या वासाचा अर्क सोडायचा. अर्क अगदी निरुपद्रवी. मास्क घालून आत बसलेल्याला वास आला की त्याने हात वर करायचा. जितका उशिरा वर होईल तितका कोळसा चांगला.

"आणि आमच्या भाचीचं नाक म्हणजे विचारू नका," मामा म्हणाले. "शेजारच्या घरात दूध लागलं तरी हिला कळतं."

भाचीने मास्क उचलला. मुकादमासमोरच कोमट डब्या फिरवून काढल्या आणि त्यातली एक त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही कोमट आहे, बघा. वाळवलेली आहे. तुमच्या माणसांना मिळेल ती या खोक्यातली." तिने खोक्यातली दोन पाकिटं फाडली आणि त्यातल्या डब्या मास्कला बसवल्या. "मी ह्या लावून बसते."

"अगं, पण..." मामांचा चेहरा पार उतरला. पाहुण्यादेखत पुढे काही बोलता येईना. भाचीने मास्क चढवला आणि दार लावून घेतलं.

आत वाफ दाटली होती. वास आलाच नाही तर? चारचौघांत हसं होईल, मामांचं आणि तिचं बोलणं कायमचं तुटेल. तिने एक श्वास घेतला. मग दुसरा. अजून थोडा वेळ गेला, आणि पिकलेल्या केळ्याचा गोड वास थेट नाकात शिरला.

तिने हात वर केला.

भिंतीवरचा स्पीकर खरखरला. "अजून नाही, बाळ. हात खाली घे."

तिने हात खाली घेतला नाही. आतून बोललेलं बाहेर ऐकू जात नसे. बाहेरचं मात्र आत येई, आणि घाईत मामांचं बोट स्पीकरच्या बटणावरच राहिलं होतं.

"काय झालं? एवढ्यातच हात वर?" मुकादमाचा आवाज.

"काही नाही हो, सर्दी झालीय तिला. नाक चालत नाहीये."

"आताच तर म्हणालात, शेजारचं दूध कळतं."

मामांनी बटणावरचं बोट झटकन काढलं. भाचीचा खांदा भरून आला. तिने दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला. काचेपलीकडून मामा तळहात खाली दाबत खुणा करत होते, आणि ती थेट त्यांच्याकडे बघत होती.

मुकादमाने हातातली डबी मामांच्या हातात ठेवली. टेबलावरचा दुसरा मास्क घेतला. खोक्यातल्या दोन डब्या काढून त्याने स्वतःच त्याला बसवल्या, मास्क तोंडावर घट्ट आवळला आणि दार उघडून तो आत आला. दुसऱ्या स्टुलावर बसला. गुडघ्यांवर हात ठेवून तो शांतपणे श्वास घेऊ लागला.

मामा काचेला अगदी नाक लावून उभे होते.

थोड्या वेळाने मुकादमाचा तांबड्या नखांचा हात वर गेला.

"हात खाली घ्या," स्पीकरमधून आवाज आला. मग हळू आवाजात, "घ्या ना खाली."

मुकादम जागचा हलला नाही. भाचीने कोपराचा टेकू काढला आणि हात आणखी उंच केला.